छंद वेगळा, गुंतवणूक वेगळी

यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाची ताटली हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात एक तरुण गृहस्थ जवळ आले. मी आयुष्यभर शेअर बाजारात ॲनालिस्ट म्हणून नोकरी केली हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे "काका, सध्या काय घ्यावं?" हा प्रश्न मला दरवर्षी चकलीबरोबरच मिळतो. या वेळी मात्र प्रश्न निराळा होता. "काका, मुलाच्या नावावर जुन्या सुपरहिरो कॉमिक्सची मूळ चित्रं घेऊन ठेवावी म्हणतो. स्पायडरमॅनचं एक पान तीन मिलियनच्या वर गेलं म्हणे. तुम्हालाही नाद आहे ना त्याचा? शेअरपेक्षा बरं नाही का?"

त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येताना मात्र गाडीत तोच विचार चालू होता, कारण या प्रश्नाचं उत्तर मला फुकट मिळालेलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. मी आता निवृत्त आहे, तेव्हा हा सल्ला समजू नये. एका माणसाचं अनुभवातून आलेलं मत समजावं.

आधी मूळ चित्र म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांचा इथेच घोटाळा होतो. दुकानात मिळतं ते छापील कॉमिक. त्याच्या लाखो प्रती निघतात. पण छापण्याआधी एक चित्रकार जाड पांढऱ्या कागदावर पेन्सिलने पान काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो, तिसरा अक्षरं लिहितो. सत्तरच्या दशकात हा कागद साधारण अकरा इंच रुंद आणि सतरा इंच उंच असे. रंग त्यावर नसत. ते काम वेगळं होई. पान काळं-पांढरं, कडेला संपादकाच्या सूचना, चुकीवर फासलेला पांढरा रंग, कुठे चिकटवलेली चिठ्ठी. असं पान जगात एकच असतं. एके काळी छपाई झाली की त्याला कोणी विचारत नसे. किती पानं वाटून टाकली, किती फाडली, किती चोरीला गेली याचा हिशेब नाही.

आता भाव ऐका. १९८४ सालच्या 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकातलं, स्पायडरमॅनला काळा पोशाख मिळतो ते माइक झेकचं पान जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. टॉड मॅकफार्लेनने काढलेलं १९९० सालचं स्पायडरमॅनचं एक मुखपृष्ठ २०१२ मध्ये ६ लाख ५७ हजार २५० डॉलरला विकलं गेलं. असे आकडे वाचले की कोणाच्याही मनात येणारच, आपणही घ्यावं. माझ्याही मनात आलं होतं.

माझं बालपण गिरगावात गेलं. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वेताळ आणि मँड्रेक यांच्यासाठी आम्ही चाळीतली पोरं जीव टाकायचो. विकत घेण्याची ऐपत नव्हती. गल्लीतल्या वाचनालयातून दहा पैसे भाड्याने अंक आणायचा आणि संध्याकाळच्या आत पाच जणांनी वाचून परत करायचा. फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडे क्वचित अमेरिकन कॉमिकही मिळे. त्यातल्या उंच इमारती, गच्चीवरच्या लाकडी पाण्याच्या टाक्या आणि त्यांमधून झोके घेणारा स्पायडरमॅन बघून मी न्यूयॉर्क ओळखायला शिकलो.

१९८१ मध्ये एमबीएला आलो, पुढे न्यूयॉर्कला नोकरी लागली. ॲनालिस्टचं आयुष्य बाहेरून झगमगीत दिसतं. आतून ते असं असतं: पहाटे न्यू जर्सीहून बस, सातच्या सुमाराला सकाळची मीटिंग, दिवसभर कंपन्यांचे अहवाल आणि ग्राहकांचे फोन. वर्षातून चार वेळा तिमाही निकालांचा हंगाम, तेव्हा रात्रीचे बारा कधी वाजले ते कळत नाही. तुमचा अंदाज एका सेंटने चुकला तरी दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला लाज वाटते. लग्नानंतर सीएफएच्या तिन्ही परीक्षा दिल्या त्या मुलीच्या पाळण्याला दोरी बांधून.

१९९२ मध्ये मॅनहॅटनमध्ये एका हॉटेलच्या हॉलात कॉमिक्सचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे सहज शिरलो. एका टेबलावर रॉस अँड्रूने काढलेलं स्पायडरमॅनचं पान होतं. अँड्रूने १९७३ ते १९७८ पर्यंत 'अमेझिंग स्पायडरमॅन' काढलं. तो न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या जागा हुबेहूब उतरवत असे. त्या पानावर एक गच्ची होती आणि तीच लाकडी टाकी होती. १२० डॉलर दिले आणि पान घेऊन आलो. घरी चाळीस सांगितले.

पुढचं वर्षभर रात्री जेवण झालं की दहा मिनिटं मी त्या पानासमोर बसायचो. रेघ कुठे जाड झाली, कुठे पेन्सिलची निळी खूण राहिली, ते बघायचो. डोकं शांत व्हायचं. माझा रक्तदाब तेव्हाच वर जाऊ लागला होता. डॉक्टरांनी मीठ कमी करा, चाला आणि कामाशी संबंध नसलेलं काहीतरी रोज करा, असं बजावलं होतं. आपल्या लोकांच्या हृदयाला धोका जास्त हे तर आता नक्कीच झालं आहे. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश ही धोका वाढवणारी बाब म्हणून नोंदवली आहे. ती दहा मिनिटं माझं औषधच होती.

मग मी ते औषध बिघडवलं. १९९३ च्या अखेरीला बोनस हातात आला. कॉमिक्सचा बाजार त्या काळात नुसता उकळत होता. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन आला, तेव्हा मीही न उघडता पाच पिशव्या घेऊन मुलीच्या कॉलेजसाठी म्हणून कपाटात ठेवल्या. (अजून कपाटातच आहेत. लाखो लोकांनी तेच केलं, मग दुर्मीळ काय राहिलं?) त्या हवेत मी त्या वर्षी गाजत असलेल्या चित्रकारांची सात पानं ६,१०० डॉलरला घेतली. एकही पान मला विशेष आवडलं नव्हतं. आवडीचा प्रश्नच नव्हता, भाव वाढणार होता.

घरी विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो, "अगं, खर्च नाही हा, गुंतवणूक आहे."

वाचकहो, माझं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे. आपल्या घरांत छंदाला परवानगी नसते, गुंतवणुकीला असते. आपले आईवडील पै-पै करून जगले. आपण दोन सूटकेस घेऊन इथे आलो. स्वतःच्या आनंदासाठी पैसे खर्च करायचे तर आतून कोणीतरी टोचतं. म्हणून आपण आनंदाला गुंतवणुकीची टोपी घालतो. कोणी कॅमेरे घेतं, कोणी घड्याळं, कोणी पेंटिंग्ज, आणि प्रत्येक जण बायकोला किंवा नवऱ्याला एकच सांगतो की याची किंमत वाढत जाते.

या टोपीने दोन्हींचं नुकसान होतं. माझ्या छंदाचं काय झालं ते सांगतो. मी त्या पानांचा तक्ता केला. प्रत्येकासमोर खरेदी, आजचा भाव, पाच वर्षांनंतरचा भाव, अगदी कंपनीच्या अहवालासारखं. पुढे इंटरनेट आलं आणि रात्री एक-एकपर्यंत लिलावांचे निकाल बघू लागलो. ज्या दहा मिनिटांत डोकं शांत व्हायचं, त्यात आता आणखी एक बाजार शिरला. दिवसा वॉल स्ट्रीट, रात्री स्पायडरमॅन. रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढला तो त्याच वर्षांत.

आणि गुंतवणुकीचं काय झालं? फेब्रुवारी २००९ मध्ये माझी नोकरी गेली. त्या मंदीत आमच्या व्यवसायातल्या हजारो जणांची गेली, त्यात मी एक. मुलगी त्याच सप्टेंबरात कॉलेजला जाणार होती. सौ.ची नोकरी होती म्हणून घर चाललं, पण घराचा हप्ता आणि फी एकाच पगारात बसेना. नोव्हेंबरात एका रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, इतकी वर्षं गुंतवणूक म्हणत होतात ना? मग आता ती मोडा. नाहीतर माझ्या पाटल्या मोडू."

माझ्या तक्त्यात सात पानांची किंमत १८,००० डॉलर दिसत होती. लिलावात सगळी मिळून ६,४०० ला गेली. पंधरा टक्के कमिशन वजा जाता हातात ५,४४० आले. सोळा वर्षांनी मुद्दलही पुरतं परत आलं नाही. हेच ६,१०० डॉलर १९९३ च्या शेवटी साध्या एस अँड पी ५०० इंडेक्स फंडात टाकून लाभांश त्यातच ठेवला असता, तर दोन मोठ्या पडझडी सोसूनसुद्धा २००९ च्या अखेरीला तिपटीच्या वर गेले असते. म्हणजे माझ्या तक्त्यातला अठरा हजारांचा आकडा खरा ठरला असता, फक्त दुसऱ्या ठिकाणी.

मला जास्त लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर २००३ साली वॉल स्ट्रीटवरच्या दहा मोठ्या कंपन्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. आरोप असा होता की स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असताना ॲनालिस्टांनी गुंतवणूकदारांना 'घ्या, घ्या' म्हणून सांगितलं. तेव्हा मी या लोकांना नावं ठेवत होतो. पण मी तरी घरी काय केलं होतं? हवं होतं मला आणि 'बाय'ची शिफारस देत होतो बायकोला. स्वार्थ कुठे गुंतला आहे ते सांगितलं नव्हतं.

कोणी म्हणेल, तुमची निवड चुकली, चांगली पानं घेतली असती तर? खरं आहे. २०२१ मध्ये मी विकलेल्या सातांपैकी एक पान मला मिळालेल्या किमतीच्या सहापटीला गेलं. मी ते पाहिलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण डिसेंबर २००९ ची फी २०२१ च्या भावाने भरता येत नाही. गरज पडेल त्या दिवशी वाजवी किमतीला मोडता येते तीच घराच्या कामाची गुंतवणूक. मंदीत आपल्याला पैसे लागतात, तेव्हाच समोरच्या हौशी गिऱ्हाइकाचेही हात आखडलेले असतात.

सोन्याचं उदाहरण घ्या. सोनं आपल्या घरात दागिनाही असतं आणि आधारही, म्हणून आपल्याला वाटतं चित्राचंही तसंच असेल. सोनं मोडताना घडणावळ जाते, थोडी घट धरतात, पण तोळ्याचा भाव रोज पेपरात येतो आणि कुठलाही सराफ ते घेतो. चित्राला भाव नसतो, गिऱ्हाईक असतं. लिलावाच्या दिवशी दोन हट्टी माणसं आली तर किंमत आकाशाला भिडते, एकच आला तर मातीमोल. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, लाभांश असतो, त्यावरून काहीतरी हिशेब मांडता येतो. भिंतीवरचं पान एक पैसा कमावत नाही. बारा वर्षांचे असताना ज्यांनी ती गोष्ट वाचली ते लोक पुढे पैसेवाले झाले म्हणून त्याला भाव आला. ती पिढी म्हातारी झाल्यावर कोण घेणार, हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

आणि गोष्ट अजरामर आहे म्हणून तिच्याशी जोडलेला प्रत्येक कागद फायद्याचा, असंही नाही. मार्व्हल कंपनी डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तीच मार्व्हल २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. स्पायडरमॅन दोन्ही वेळी तोच होता, पण आधीच्या भागधारकांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं.

ज्यांनी ही चित्रं काढली त्यांच्याकडेही बघा. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते, तो चेकच २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजारांना गेला. जॅक कर्बीने मार्व्हलसाठी हजारो पानं काढली. स्वतःची पानं परत मिळवायला त्याला भांडावं लागलं आणि १९८७ मध्ये त्यातली सुमारे दोन हजार परत आली. या माणसांना पानामागे मजुरी मिळे आणि महिन्याच्या महिन्याला अंक द्यावा लागे. भाव वाढला तो बहुधा दुसऱ्यांच्या हातात.

मग चित्रं घेऊच नयेत का? जरूर घ्यावीत. माझं म्हणणं इतकंच की खर्चाच्या रकान्यात लिहून घ्यावीत. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, ४०१-के मध्ये कंपनी घालते तेवढा हिस्सा पुरता घेतला आहे, आयुर्विमा आणि मृत्युपत्र झालं आहे, त्यानंतर जे उरेल त्यातून घ्यावीत. सहलीला जातो तसे. सहलीचे पैसे परत येतील का, असं कोणी विचारत नाही. मुलाच्या नावावर काही ठेवायचं असेल तर इंडेक्स फंड ठेवा आणि चित्र त्याच्याबरोबर बसून बघा.

घेणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी:

एक, यादी करा. काय घेतलं, कोणाकडून, कितीला, पावती आणि फोटो. किंमत खरी लिहा आणि जोडीदाराला दाखवा. आपल्यामागे मुलांनी ते रद्दीत टाकू नये किंवा पहिल्या भेटणाऱ्याला फुंकून देऊ नये.

दोन, घराच्या विम्यात अशा वस्तूंना सहसा मर्यादा असते आणि पुराचं नुकसान साधारणपणे धरत नाहीत. एजंटला विचारून वेगळी नोंद करून घ्या. पान तळघरात ठेवू नका, माळ्यावर ठेवू नका, उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

तीन, कर लक्षात ठेवा. संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरवर तो २० टक्क्यांपर्यंत असतो. स्वतःच्या हौसेसाठी ठेवलेली वस्तू तोट्यात गेली तर तो तोटा वजा मिळत नाही. आयआरएच्या पैशातून चित्र घेतलं तर ते पैसे काढल्यासारखेच धरतात. आपल्या अकाउंटंटला आधी विचारा.

चार, आणि हे आरोग्याचं आहे: रात्री जेवणानंतर लिलावाचे निकाल बघू नका. चित्र बघा.

आता उरलेल्या एका पानाबद्दल. सात पानं खोक्यात भरताना मी आठवंही भिंतीवरून काढलं होतं. सौ.ने ते माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "हे राहू द्या. हे कुठे गुंतवणूक म्हणून घेतलंत?" मग थोडं थांबून म्हणाली, "आणि चाळीसला नव्हतं ते. पावती त्याच वर्षी सापडली होती मला."

ते पान अजून भिंतीवर आहे. त्याच्यासारख्या पानांचे भाव आज पुष्कळ वाढले आहेत, असं कळतं. त्यावरून 'आवडीचं घ्या म्हणजे फायदा होतो' असा निष्कर्ष मात्र काढू नये. एका उदाहरणावरून नियम काढणाऱ्याला आमच्या धंद्यात उभं करत नाहीत. चौदा महिन्यांनी मला कमी पगाराची का होईना पण नोकरी मिळाली, मुलगी शिकली, पाटल्या शाबूत राहिल्या. तो तक्ता मी कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. रात्री जेवण झालं की दहा मिनिटं गच्चीवरची ती टाकी बघतो. रक्तदाब बरा आहे.

त्या तरुण मित्राला आणि सगळ्यांनाच माझं सांगणं एवढंच: छंद असेल तर घरात उघडपणे छंद म्हणा, आणि बचत वेगळी करा. पटलं तर घ्या, नाही तर पुढच्या कार्यक्रमात चकली खाता खाता वाद घालू.